शनिवार की सोमवार

माझ्या पत्रिकेत चंद्र आणि शनी एकाच घरात बसले आहेत, हे मला स्वतःचं पूर्ण नाव लिहायला येण्याआधीपासून माहीत होतं. मी बारा दिवसांची असताना कुरुंद्याच्या आमच्या घरी जोशीबुवा आले. त्यांनी पत्रिका मांडली आणि बाबांना सांगितलं, "चंद्र म्हणजे माय, चंद्र म्हणजे मन. त्याला शनी लागला की मन थंड पडतं. ही पोरगी मायला लाभायची नाही, अन् माय हिला."

बाबांना, म्हणजे माणिकरावांना, ते लगेच पटलं. कारण माझ्या वेळच्या बाळंतपणात मायला झटके आले होते. वसमतच्या दवाखान्यात ती चार दिवस बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तेव्हा मी तिच्या शेजारी नव्हते. आजी मला दुसऱ्या खोलीत कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत होती. ती आजी, मायची आई, त्याच वर्षी वारली. मी तीन वर्षांची झाले तेव्हा मायला कावीळ झाली आणि ती पुन्हा जाता जाता वाचली. बाबा परत जोशीबुवांकडे गेले. या खेपेला त्यांनी उपाय सांगितला: पोरीचं लग्न होऊन ती दुसऱ्या घरची होईपर्यंत माय-लेकींनी एका छपराखाली झोपू नये.

बाबांची थोरली बहीण अनुसयाबाई वसमतला राहायची. तिचे यजमान साखर कारखान्यात होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. एका सकाळी बाबांनी मला एसटीनं वसमतला आणलं आणि आत्याच्या ओटीत ठेवलं. पुढची वीस वर्षं मी तिथंच वाढले.

आत्यानं मला काही कमी केलं नाही, हे आधीच सांगून टाकते. माझे केस ती रोज स्वतः विंचरायची. मला ताप आला तर तिला जेवण जायचं नाही. आणि माय? दिवाळीत मी एक दिवस कुरुंद्याला जायचे. माय वाढायची, पण माझ्याकडे सरळ बघायची नाही. ताटात भाजी टाकून पदर ओढत चुलीकडे वळायची. निघताना दाराच्या आत उभी राहायची, बाहेर यायची नाही. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा तिच्या कमरेला मिठी मारली, तर तिनं माझे हात सोडवले आणि म्हणाली, "नको माय, नको. जा, बाबा थांबलेत." तिच्या हातांना हळदीचा वास होता, एवढं मला आठवतं.

मी त्याचा राग धरला नाही. मला कारण माहीत होतं ना! चंद्रापाशी शनी. पुढे तर मी माझं सगळं मनच त्या दोन ग्रहांच्या हवाली केलं. मैत्रिणीच्या लग्नात सगळ्या रडल्या, मला रडू आलं नाही, शनी. आत्याचे यजमान गेले तेव्हा मी तीन दिवस पाहुण्यांना चहा करत राहिले, डोळ्यातून टिपूस आलं नाही, शनी. वसमतला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नोकरीला लागले. तिथं रक्त बघून, रडणारी लेकरं बघून माझा हात हलत नाही, याचं सगळ्यांना कौतुक. मला वाटायचं, यात माझं काय? मी आहेच थंड.

मग बालाजीचं स्थळ आलं. तो पाटबंधारे खात्यात आहे, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर. बघायला आला तेव्हा मी खाली मान घालून बसले नाही म्हणून त्याला आवडले, असं तो नंतर म्हणाला. दोनदा आम्ही बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा प्यायलो. तिसऱ्यांदा भेटायच्या आधी त्याच्या आईनं पत्रिका दाखवली आणि तिथून निरोप आला: मुलगी चांगली आहे, पण ही युती आमच्या घरात नको. अशा बाईच्या मनात नवऱ्याबद्दल ओल राहत नाही, आणि सासू-सुनेचं जमत नाही.

मला धक्का बसला नाही. मी तर हे धरूनच चालले होते.

दोन दिवसांनी दुपारी बालाजीचा फोन आला. मी लॅबमध्ये नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होते.

"प्रतिक्षा, तुझी जन्मतारीख काय?"

"एक डिसेंबर दोन हजार एक. पत्रिकेत आहे की."

"तू पाठवलेल्या बायोडाट्यावर तीन डिसेंबर आहे."

"ती सरकारी. आधारवरची."

"मी तीच मोबाईलवर टाकून बघितली. त्यात चंद्र-शनी एकत्र नाहीतच. चंद्र मिथुनेत आहे, गुरूपाशी. आमच्याच जोशांना विचारलं. ते म्हणाले, हा गजकेसरी योग, ह्या मुलीला मायचं सुख भरभरून."

मी हसले. "सरकारी तारखेवर कोण पत्रिका काढतं?"

आमच्या भागात हे सगळ्यांना माहीत असतं. शाळेत नाव घालताना गुरुजी मनानं तारीख टाकायचे. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरींचा वाढदिवस एक जूनला येतो. त्यामुळे शाळेची तारीख खोटी आणि पत्रिकेची खरी, हे मी कधी तपासून बघितलं नव्हतं.

फोन ठेवला आणि हातातल्या नळीवर चिठ्ठी लावताना थांबले. गुरुजींनी मनानं टाकली असती, तर एक जून टाकली असती. दोनच दिवस पुढची तीन डिसेंबर कुठून आणली?

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि नगरपालिकेत गेले. जन्म-मृत्यूच्या टेबलावर एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी अर्ज घेतला, जुनी वही काढली आणि बोट फिरवत थांबल्या.

"शालूबाई माणिकराव, राहणार कुरुंदा?"

"हो."

"स्त्री अपत्य. तीन बारा दोन हजार एक. सोमवार. दुपारी दोन दहा." त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "हे बघा. दवाखान्याच्या कागदावरनं नोंद हाय, चार तारखेला केलेली."

मी वाचलं. परत वाचलं. त्या निळ्या शाईच्या ओळीत काही कठीण नव्हतं, पण मला ती कळेना. मी त्यांना विचारलं, "एक तारीख असू शकते का?"

"एक तारखेला जन्म असता तर दवाखान्यानं तीन काहून लिहिलं असतं?" त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "बसा जरा. काय झालं?"

मी बसले नाही. बाहेर आले. रस्त्यावर हळदीची पोती भरलेले टेम्पो चालले होते. मी त्या गर्दीत उभी राहून आकाशाकडे बघितलं, वेड्यासारखं, भर दुपारी. वीस वर्षं मी ज्या ग्रहांना घाबरले, ते माझ्या जन्माच्या दिवशी एकत्र नव्हतेच. मग मायनं माझे हात सोडवले, ते कशासाठी? मी रडले नाही, ते कोणामुळे?

घरी आले तेव्हा आत्या ताटात ज्वारी निवडत बसली होती. मी नोंदीची प्रत तिच्यासमोर धरली.

"आत्या, मी शनिवारी जन्मले नाही. सोमवारी जन्मले. पत्रिका चुकली आहे. सगळी चुकली आहे!"

मला वाटलं, ती दचकेल, कागद डोळ्यांजवळ नेईल, बाबांना फोन लाव म्हणेल. तिनं कागदाकडे बघितलंच नाही. ज्वारीतला एक खडा उचलला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मला ठाव हाय."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"काय ठाव आहे?"

"तू पहिलीत जाताना दाखला मीच काढला व्हता. तवा दिसलं. तारीख दुसरी निघाली म्हणून मी हितल्या एका शास्त्र्याला जाऊन इचारलं. त्यानं पंचांग उघडलं अन् सांगितलं, बाई, चंद्र रविवारीच शनीला वृषभेत सोडून गेला. सोमवारच्या लेकराला शनीचं काही न्हाई."

"मी पहिलीत होते तेव्हा?"

"व्हय."

"म्हणजे सतरा वर्षं?"

तिनं ताट जमिनीवर ठेवलं. मग खालच्या आवाजात, भिंतीशी बोलावं तशी म्हणाली, "त्या दिवशी मी कुरुंद्याला जायला निघाले व्हते. बसमधी बसले बी. तू मांडीवर व्हतीस. आसेगावपाशी तू झोपेत माझा पदर धरून 'माय' म्हणलीस. एरवी तू मला आत्याच म्हणायचीस. मी तिथंच उतरले. परतीची बस धरली. म्हणलं, पुढच्या महिन्यात सांगू. मग त्याच्या पुढच्या. मग सांगायचं तोंडच राहिलं न्हाई."

मी उभीच होते. माझ्यासमोर बसलेली बाई मला न्हाऊ-माखू घालणारी, परीक्षेला दही-साखर देणारी बाई होती. तिच्या कानामागच्या तिळासकट मला ती पाठ होती. आणि मला ती ओळखू येईना. रागानं काही फेकावं, तर हात उचलेना. एवढंच विचारलं, "माय तिकडं जिवंत होती, आत्या. तुला तिची दया आली नाही?"

"रोज आली," आत्या म्हणाली. "पण तू रोज माझ्यापाशी व्हतीस."

मी तशीच बाहेर पडले आणि कुरुंद्याची बस धरली. दिवाळीशिवाय मी त्या घरी जायची ही पहिलीच वेळ.

हळदीचा हंगाम होता. घरामागच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत पसरली होती आणि माय उन्हात ओणवी होऊन ती परतत होती. मला बघून तिनं पदर सावरला आणि सवयीनं मान वळवली. "आज कशी आलीस? बाबा शेतात हायत. पाणी पी, मी त्यायला बोलावते."

"माय, बाबांकडे नाही आले. तुझ्याकडे आले."

ती हलली नाही. मी तिला सगळं सांगितलं. नोंद वाचून दाखवली. चंद्र, शनी, दोन दिवस, आत्याची अर्ध्यातून फिरलेली बस. बोलताना माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटत होता. तिनं मधे एकच विचारलं.

"वार कोणता?"

"सोमवार. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं."

"सोमवार," ती म्हणाली. मग ती हळदीतच बसली. खाली बघून नाही, कुठे बसतोय याचा विचार करून नाही.  तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं बोटं मोजली, शनिवार, रविवार, सोमवार. परत मोजली.

"दोन दिस," ती म्हणाली. "दोन दिसापायी?"

तेवढ्यात बाबा आले. मी त्यांना तोच कागद दिला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, चष्मा पुसून परत वाचला. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"जोशीबुवायनं तारीख इचारली," ते म्हणाले. "मी दवाखान्याचा केसपेपर काढला अन् वरची तारीख वाचली. एक बारा."

"ती भरती झाल्याची तारीख असते, बाबा. मी रोज बघते तसले कागद."

"शनिवारीच मी हिला जीपमधी घालून नेलं व्हतं. मग कापसाच्या घाईत माघारी आलो. लेकरू झाल्याचा निरोप मागून आला, त्यात दिस कोणी सांगितला न्हाई."  मोठा गडी, आवाजाला गावात वजन असलेला. कागद हातात घेऊन ते अंगणात दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत राहिले.

माय बसल्या जागेवरून बोलली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

"तुमी समदे मिळून पत्रिका केली. तुमी, सासरे, जोशी. मला कोणी इचारलं का? मला शुद्ध नव्हती, पण माझ्या आईला इचारायचं. ती व्हती तवा. एका बाईला बी इचारलं न्हाई, लेकरू कवा झालं म्हणून."

बाबांनी चष्मा काढून खिशात घातला.

"मी हिच्याकडं डोळा भरून बघितलं न्हाई, वीस वर्सं," माय म्हणाली. "मला वाटायचं, माझी नजर लागंल. माझ्यापायी हिचं मन जळंल. ही दारातनं गेली की मी हिचं उष्टं ताट घेऊन बसायची. त्यातलं उरलेलं खायची. तेवढंच."

हे ऐकून माझ्या आत काय झालं, ते मला सांगता येणार नाही. मी खाली बसले आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला की अंगणातली कोंबडी पळाली. मी रडत होते. मला थांबता येईना. मायनं हात पुढे केला, अर्ध्यात थांबवला, मग माझ्या डोक्यावर ठेवला.  इतक्या वर्षांनी तिला माझ्या डोक्यावर हात नक्की कुठे ठेवायचा, ते कळत नव्हतं. माझ्या कपाळाला, कानाला, सगळीकडे हळद लागली.

त्या दिवशी मी तिथंच राहिले. सकाळी माय म्हणाली, "मला बाईकडं ने." आत्याला ती बाई म्हणायची. बाबा सोबत निघाले, तर तिनं त्यांना थांबवलं.

आत्या दार उघडंच ठेवून बसली होती. तिनं केस विंचरले नव्हते. मायला बघून ती उठली आणि भिंतीला टेकली. "शालू, मार मला. लोकं गोळा कर अन् मार. मी न्हाई म्हणणार न्हाई."

मला भीती वाटली की आता काहीतरी भयंकर होईल. माय आत आली. खोलीभर नजर फिरवली: माझा पलंग, माझी पुस्तकं, खिळ्याला अडकवलेली माझी ओढणी. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"बसा बाई," ती आत्याला म्हणाली. "मला सांगा."

"काय सांगू?"

"समदं. ही शाळेत पहिल्या दिवशी रडली का? हिचा पहिला दात कवा पडला? शहाणी झाली तवा भेली का? हिला काय आवडतं खायला? रागावली की काय करती? वीस वर्सं तुमच्यापाशी हायत. मला त्यातलं काहीच माहीत न्हाई. सांगा. एक बी सोडू नका."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. मारापेक्षा हे जड होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मग ती खाली बसली आणि सांगायला लागली. शाळेत पहिल्या दिवशी मी रडले नाही, पण घरी येऊन पाटीवर थुंकले. दात मी शेजारच्या भिकाबाईच्या छपरावर फेकला. मला भेंडी आवडत नाही, पण आत्यानं केलेली खाते. मधेच आत्या चुकायची, तारीख मागेपुढे करायची, तेव्हा माय म्हणायची, "नीट आठवा. पुन्हा सांगा." माझ्याच समोर माझं आयुष्य एक बाई दुसरीला देत होती आणि मी दारात उभी राहून ऐकत होते. त्यातलं कितीतरी मलाही नवीन होतं. आत्याच्या यजमानांच्या मातीला मी रडले नव्हते असं मला वाटायचं. आत्या म्हणाली, मी झोपेत आठ दिवस रडत होते.

माय तीन दिवस राहिली. रोज ऐकलं. तिसऱ्या दिवशी निघताना तिनं आत्याला माफ केलं असं म्हटलं नाही, आणि आत्यानंही माफी मागितली नाही. माय एवढंच म्हणाली, "वाढवलं चांगलं तुमी. पण वाढवायचं मला व्हतं."

बाबांनी नंतर नवी पत्रिका करून आणली, जाड कागदावर, छापील. चंद्र-गुरूची युती, मायचं सुख, मृदू मन. ते ती मायला दाखवायला गेले. मायनं बघितली आणि विचारलं, "हे जर खरं असतं, तर मग ही वीस वर्सं कुठं गेली?" बाबा म्हणाले, जोशी सांगतात, योग असतो, पण फळायला वेळ यावी लागते. माय म्हणाली, "ठेवा तुमच्यापाशी."

बालाजीच्या आईनं मात्र त्या पत्रिकेवर होकार दिला. मी बालाजीला विचारलं, "अन् एक तारीखच खरी निघाली असती तर?" तो म्हणाला, "आईशी भांडलो असतो. जिंकलो असतो का, माहीत नाही." मला ते उत्तर खरं वाटलं. लग्न वैशाखात आहे.

मी आता कुरुंद्याहून रोज लॅबला जाते. रविवारी दुपारी आत्याकडे जाते. ती केस विंचरून देते, मी देऊ देते. कधी आम्ही बोलतो, कधी नाही. तिच्यावरचा राग गेला आहे का, हे मला अजून कळलेलं नाही.

परवा माझं आणि मायचं कडाक्याचं भांडण झालं. लग्नाच्या साडीवरून. तिला हिरवी हवी होती, मला जांभळी. मी ओरडले, "तुला काय माहीत मला काय शोभतं!" आणि तोंडातून निघालेल्या शब्दांनी मीच हबकले.  मायचे डोळे मोठे झाले. मला वाटलं, संपलं, आता ही परत मान वळवणार. तिनं कमरेवर हात ठेवले आणि माझ्याहून मोठ्यानं ओरडली, "माहीत न्हाई तर सांग की मग! तोंड दिलंय ना देवानं!"

बाबा ओसरीवरून धावत आले, काय झालं म्हणून. आम्ही दोघी एकमेकींकडे सरळ बघत उभ्या होतो, लाल झालेल्या तोंडानं, आणि दोघींपैकी कोणीच नजर खाली घेत नव्हतं.